मुंबईत लॉबिंग कसं चालतं, आणि छोट्या संघटनेला ते सरळ मार्गाने कसं करता येईल

१९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत मुंबईतल्या गिरण्यांच्या जमिनींसाठी ५८ क्रमांकाचा नियम होता. ढोबळमानाने जमिनीचे तीन वाटे करायचे: एक पालिकेला मैदानं-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. २००१ मध्ये राज्य सरकारने त्यात दुरुस्ती केली आणि वाटणी फक्त आवारातल्या मोकळ्या जमिनीची होईल असं ठरलं. जिथे शेड, गोदाम, कचेरी उभी होती ती जमीन हिशेबातून बाहेर पडली. गिरणीचं आवार म्हणजे मुख्यतः शेडच. मोकळी जागा अशी ती किती निघणार? सुमारे सहाशे एकरांच्या गिरणगावात पालिकेचा आणि म्हाडाचा, दोघांचाही वाटा आक्रसला. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपने जनहित याचिका केली. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. लोअर परळ आज जसं दिसतं त्यात त्या दुरुस्तीचा वाटा मोठा आहे.

लॉबिंग, म्हणजे धोरणावर वजन टाकणं, म्हणतात ते शेवटी एवढ्यावर येऊन थांबतं. मसुद्यातली एक अट, एक व्याख्या किंवा एक तारीख आपल्याला हवी तशी लिहून घ्यायची. शिष्टमंडळं, पत्रकार परिषदा, पंचतारांकित हॉटेलातली चर्चासत्रं ही सगळी त्या एका ओळीपर्यंत पोचण्याची धडपड असते. मोठ्या उद्योगांकडे त्यासाठी पगारी माणसं असतात. त्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर 'सार्वजनिक धोरण', 'सरकारी संपर्क' असं काहीतरी छापलेलं असतं आणि मंत्रालयाच्या कॅन्टीनमध्ये त्यांना 'लायझनवाले' म्हणतात. आपल्याकडे त्यांची नोंदणी करणारा कायदाच नाही. अमेरिकेत १९९५च्या कायद्याने कोण कोणासाठी किती खर्च करून लॉबिंग करतो हे जाहीर करावं लागतं. म्हणूनच २०१२ मध्ये वॉलमार्टच्या लॉबिंग खर्चाच्या यादीत भारतातल्या गुंतवणुकीचा विषय असल्याचं आपल्याला तिकडच्या कागदांतून कळलं आणि संसदेत गदारोळ झाला. पुढच्या वर्षी खासदार कलिकेश सिंह देव यांनी लॉबिंग उघड करायला लावणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. ते तिथेच राहिलं.

हा लेख दुकानदार संघटना, गृहनिर्माण संस्थांचे महासंघ, रिक्षा-टेम्पोवाले, बचत गट, रहिवासी मंडळं यांच्या पदाधिकाऱ्यांसाठी आहे. मी काही वर्षं एका छोट्या संघटनेचं मंत्रालयातलं काम पाहिलंय, त्यामुळे काही मतं माझी आहेत. ती तशीच घ्या.

आधी निर्णयाचं घर शोधा

निम्म्या संघटना चुकीच्या दारावर डोकं आपटतात. मुद्रांक शुल्काची तक्रार नगरसेवकाकडे नेऊन उपयोग नाही. तो विषय महसूल विभागाचा आणि नोंदणी महानिरीक्षकांचं कार्यालय पुण्यात. एफएसआय (भूखंडावर किती बांधकाम करता येईल त्याचं प्रमाण) आणि जमिनींवरची आरक्षणं नगरविकासकडे. गृहनिर्माण संस्थांचे उपविधी सहकार विभागाकडे. परवाना, फेरीवाला, बाजारातले गाळे पालिकेकडे. रस्त्यावर कोणती गाडी किती वाजता येईल हे वाहतूक पोलीस ठरवतात, पालिका नव्हे. सिगारेटच्या पाकिटावर काय छापायचं ते दिल्लीत ठरतं.

घर सापडलं की निर्णयाची जात पाहा. कायदा बदलायचा तर विधिमंडळ हवं. नियम किंवा अधिसूचना असेल तर विभाग आणि विधी व न्याय विभाग. शासन निर्णय, म्हणजे जीआर, असेल तर विभाग, आणि पैशांचा संबंध आला की वित्त विभाग. परिपत्रक तर सचिव किंवा आयुक्त आपल्या पातळीवरही काढू शकतात. मुरलेला लायझनवाला नेहमी सर्वात खालच्या पायरीवर काम होतंय का ते बघतो. 'या नियमाचा अर्थ असा घ्यावा' एवढ्या परिपत्रकाने भागत असेल तर तो कायदा बदलायची भाषा कधीच करणार नाही, कारण कायदा म्हटला की चर्चा होते आणि चर्चा झाली की विरोधक जागे होतात. तुम्हीही आधी हाच प्रश्न विचारा: आमचं काम परिपत्रकात होईल का?

फाइल कुठून कुठे जाते

मंत्रालयात फाइलला नस्ती म्हणतात. ती कार्यासनावर, म्हणजे तो विषय सांभाळणाऱ्या टेबलावर, जन्मते. कक्ष अधिकारी टिप्पणी लिहितो, मग अवर सचिव, उपसचिव किंवा सहसचिव, सचिव, मंत्री. मध्येच ती वित्त किंवा विधी विभागाच्या अभिप्रायाला जाते आणि तिथे महिनोन् महिने बसू शकते. विषय मोठा असेल तर मंत्रिमंडळासाठी टिप्पणी तयार होते. आता बरंचसं ई-ऑफिसवर चालतं, पण क्रम तोच.

वर्तमानपत्र वाचणाऱ्याला वाटतं, निर्णय मंत्री घेतात. सही त्यांची असते हे खरं. पण त्यांच्यासमोर जी टिप्पणी येते तिची पहिली चार वाक्यं कक्ष अधिकाऱ्याने लिहिलेली असतात आणि वरचे बहुतेक जण त्याखाली 'मान्यतेस्तव सादर' एवढंच जोडतात. विषय काय आहे, पर्याय कोणते आहेत, कोणता पर्याय व्यवहार्य आहे हे त्या टेबलावर ठरतं. म्हणून कंपनीचा माणूस मंत्र्यांसोबत फोटो काढून झाल्यावर खाली उतरतो आणि तासभर त्या टेबलापाशी बसतो.

टेबल शोधायची सोपी युक्ती आहे. तुमच्या विषयावरचा जुना जीआर सरकारच्या संकेतस्थळावरून उतरवा आणि वरचा क्रमांक वाचा. 'संकीर्ण', मग वर्ष, मग 'प्र.क्र.' आणि शेवटी 'नवि-११' असं काहीतरी असतं. तो शेवटचा तुकडा म्हणजे कार्यासन. खाली सही कोणाची आहे ते पाहा. वर 'वाचा' या शब्दापुढे आधीच्या निर्णयांची यादी असते. तीच तुमची वाचनाची यादी. हे सगळं घरबसल्या होतं आणि फारसं कोणी करत नाही.

आता शेऱ्याबद्दल. आमदारांच्या ओळखीने मंत्र्यांची भेट मिळते, निवेदनावर लाल-हिरव्या शाईत शेरा पडतो आणि संघटनेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदनाचा वर्षाव सुरू होतो. जरा थांबा. 'तपासून सादर करावे' म्हणजे नस्ती उघडेल, इतकंच. 'नियमानुसार कार्यवाही करावी' हा सभ्य नकार, कारण तुमचं म्हणणंच नियम बदला असं आहे. 'बैठक आयोजित करावी' हा शेरा खरा कामाचा. तो मिळाला की विभागाला तुमच्या विषयावर टिप्पणी करावीच लागते.

शेरा घेऊन खाली गेल्यावर असं काहीसं घडतं:

"मॅडम, साहेबांचा शेरा घेऊन आलोय."

"ठेवा तिथे. आवक झालंय का?"

"हो, टपालात दिलंय. ही पोच."

"बरं. निवेदनात मागणी आहे, ती वाचली मी. पण नियम कोणता बदलायचा? कसा बदलायचा? ते कुठंय?"

इथे ज्याच्या पिशवीतून कागद निघतो त्याचं काम पुढे सरकतं. बाकीचे "वकिलांना विचारून सांगतो" म्हणतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पासाच्या रांगेत उभे राहतात.

तो कागद कसा असावा

लायझनवाल्याच्या पिशवीतल्या कागदाला तुलनात्मक तक्ता म्हणतात. तीन रकाने: सध्याची तरतूद, प्रस्तावित तरतूद, कारण. एक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या बाजारपेठेच्या रस्त्यावर सकाळी ७ ते ११ मालवाहू गाड्यांना बंदी घालणारी अधिसूचना निघाली आणि किराणा दुकानदारांचा माल अडकला. नेहमीचं निवेदन असं लिहिलं जातं: "छोट्या व्यापाऱ्यांवर अन्याय होत असून त्यांची उपासमार होत आहे, तरी बंदी तात्काळ उठवावी." हे वाचून कोणी काहीही करू शकत नाही. बंदी उठवली तर शाळा भरायच्या वेळी कोंडी होईल, मग शिव्या कोण खाणार?

त्याऐवजी तक्ता असा करा. पहिल्या रकान्यात मूळ शब्द जसेच्या तसे: 'सर्व मालवाहू वाहनांस सकाळी ७ ते ११ या वेळेत प्रवेशबंदी राहील.' दुसऱ्यात: 'एकूण वजन ३,५०० किलोपर्यंतची वाहने वगळून सर्व मालवाहू वाहनांस सकाळी ७ ते ११ या वेळेत प्रवेशबंदी राहील.' तिसऱ्यात तीनच वाक्यं. छोटा टेम्पो किती जागा घेतो आणि किती मिनिटं थांबतो. दूध-भाजीसारखा नाशवंत माल त्यातूनच येतो. अशी सूट अन्यत्र कुठे आहे. बंदी तशीच राहते, साहेबांचा शब्द राहतो, तुमचा टेम्पो आत जातो. गिरण्यांच्या नियमात जे 'मोकळी' या शब्दाने झालं तेच इथे 'वगळून' करतो. हत्यार सारखंच आहे; ते कोणाच्या हातात आहे आणि कोणाच्या मुळावर उठतंय एवढाच फरक. म्हणून तक्ता लिहून झाल्यावर आपल्या सुटीचा त्रास कोणाला होणार, तेही एका वाक्यात खाली लिहा. अधिकारी ते विचारणारच आहे.

वित्त विभागाचे प्रश्न ठरलेले आहेत: तिजोरीवर भार किती, आणि उद्या आणखी कोण हेच मागायला येईल? विधी विभागाचा प्रश्न: कोर्टात टिकेल का? या तिन्हींची उत्तरं तुमच्या कागदात असतील तर टिप्पणी लिहिणाऱ्याचं अर्धं काम तुम्ही केलंत.

मुदतीची सवलत मागणं ही बिल्डर संघटनांकडून शिकण्यासारखी गोष्ट. करोनाच्या पहिल्या लाटेनंतर घरांची विक्री थंडावली. राज्य सरकारने सप्टेंबर २०२० पासून मुद्रांक शुल्क कमी केलं. मुंबईत ते डिसेंबरअखेर पाचाऐवजी दोन टक्के, पुढे मार्च २०२१ पर्यंत तीन टक्के. जानेवारी २०२१ मध्ये बांधकामावरचे प्रीमियम, म्हणजे बिल्डरांनी परवानगीसाठी भरायची शुल्कं, त्या वर्षअखेरपर्यंत निम्मे करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. दोन्हीला शेवटची तारीख होती. कायमची सूट मागितली की वित्त विभाग दचकतो. सहा महिन्यांची मागितली की 'प्रायोगिक तत्त्वावर' हा शब्द तयारच असतो. मुदत संपताना मुदतवाढ मागता येते, आणि ती पुष्कळदा मिळते.

वेळ साधणं

राज्याच्या प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ला निघाली. साठा संपवायला तीन महिने दिले होते. २३ जूनला दंड सुरू झाला: पहिल्यांदा सापडलात तर ५,००० रुपये. मुंबईत किराणा दुकानदार हवालदिल झाले, कारण पावशेर डाळ बांधून द्यायची कशात? त्याच आठवड्यात व्यापारी संघटना पर्यावरणमंत्र्यांना भेटल्या आणि किरकोळ मालाच्या पॅकिंगसाठी जाड प्लॅस्टिकला अटींसह मुभा जाहीर झाली. बाटल्यांच्या तरतुदीत तर त्याआधीच, एप्रिलमध्ये, बदल झाला होता. बाटल्यांचा धंदा मोठ्या कंपन्यांचा. त्यांची माणसं अधिसूचना वाचून लगेच कामाला लागली, दुकानदार दंडाची पावती फाटेपर्यंत थांबले.

तेव्हा राजपत्र आणि जीआरचं पान आठवड्यातून एकदा उघडायचं काम एका माणसाकडे सोपवा. तरुण असावा, कंटाळणारा नसावा.

शहर नियोजनात तर वेळेला कायद्याचं कुंपण आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली नियमावलीत किंवा आराखड्यात फेरबदल करायचा असेल तर सूचना-हरकतींसाठी महिनाभराची नोटीस निघते. वर्तमानपत्रात कोपऱ्यात, बारीक टायपात. त्या महिन्यात लेखी हरकत दिली तर सुनावणीला बोलावणं येतं. दिली नाही तर पुढे कोर्टातही 'तेव्हा का नाही बोललात' हे ऐकावं लागतं. मुंबईचा २०३४ चा विकास आराखडा आठवा. फेब्रुवारी २०१५ मध्ये पहिला मसुदा आला, हजारो हरकती पडल्या, नको तिथे रस्ते आणि गायब झालेली वारसास्थळं लोकांनी दाखवून दिली, आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो पुन्हा करायला लावला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला, मंजुरी मे २०१८ मध्ये मिळाली. हरकत लिहिताना 'आराखडा लोकविरोधी आहे' असं लिहू नका. पत्रक क्रमांक, सिटी सर्व्हे क्रमांक, आरक्षणाचा प्रकार, जागेवर आज काय आहे त्याचा फोटो, आणि काय बदल हवा, एवढं एका पानात. एका विषयाची एक हरकत.

अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडला जात असला तरी कर-सवलतींची निवेदनं डिसेंबर-जानेवारीत पोचलेली हवीत. डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशन नागपूरला असतं, तेव्हा मंत्रालयात साहेब सापडत नाहीत. आणि निवडणुकीची आचारसंहिता लागण्याआधीच्या दिवसांत जीआरचा पाऊस पडतो. तुमची नस्ती त्या दिवसांपर्यंत सचिवांच्या वर पोचलेली असेल तर ती त्या पुरात वाहून पार होते.

लॉबिंगचा आणखी एक प्रकार आहे जो दिसत नाही: काहीही न होऊ देणं. त्याच अधिनियमाच्या कलम १२७ खाली, आरक्षित जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही तर मालक खरेदी सूचना, म्हणजे 'ही जमीन विकत घ्या' अशी नोटीस, बजावू शकतो. त्यानंतर ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत तर आरक्षण गळून पडतं. म्हणजे मैदान घालवायला कोणाची सही लागतच नाही. कागद टेबलावर पडून राहिला की झालं. तुमच्या वॉर्डातल्या आरक्षित भूखंडावर खरेदी सूचना आली आहे का, हे विचारत राहणं म्हणूनच गरजेचं.

अभ्यास, समिती आणि 'अजून पुरावा हवा'

धूर्त लॉबिंग बहुधा विज्ञानाचे कपडे घालून येतं. तंबाखूच्या पाकिटांवर ८५ टक्के भागात इशारा छापण्याची अधिसूचना केंद्राने २०१४ मध्ये काढली. ती १ एप्रिल २०१५ पासून लागू व्हायची होती. त्याच सुमारास संसदेच्या एका समितीने ती पुढे ढकलायला सांगितलं आणि समितीचे अध्यक्ष, अहमदनगरचे तेव्हाचे खासदार दिलीप गांधी, म्हणाले की तंबाखूने कर्करोग होतो हे दाखवणारा भारतीय अभ्यास नाही. समितीत विडी उद्योगातले एक खासदारही होते. वाक्याची घडण बघा. 'तंबाखू चांगली' असं कोणीच म्हणत नाही. 'आपल्याकडचा अभ्यास हवा' म्हटलं की वर्ष मिळतं, आणि तसंच झालं: मोठे इशारे १ एप्रिल २०१६ पासून आले.

त्याला उत्तर देणाऱ्यांत परळच्या टाटा रुग्णालयातले डॉक्टर होते. 'व्हॉइस ऑफ टोबॅको व्हिक्टिम्स' या मोहिमेत डॉ. पंकज चतुर्वेदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपले रुग्णच धोरणकर्त्यांसमोर नेले. जबडा काढलेला, जीभ गेलेली माणसं. आकडेवारीचं पुस्तक टेबलावर ठेवून निघून जाता येतं, पण समोर बसलेला माणूस बोलायचा प्रयत्न करतोय आणि शब्द फुटत नाही, तेव्हा विषय बदलणं अवघड असतं. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली तीही अशाच दबावातून. गुटखा अजून मिळतो हा वेगळा, अंमलबजावणीचा विषय.

समिती हे दोन्ही बाजूंचं हत्यार आहे. पीओपीच्या (प्लास्टर ऑफ पॅरिसच्या) गणेशमूर्तींचं बघा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची २०२०ची मार्गदर्शक तत्त्वं पीओपीच्या विरोधात होती. परळ-लालबागच्या कार्यशाळांपासून पेणपर्यंत हजारोंचं पोट त्यावर चालतं, त्यामुळे मूर्तिकार संघटना सरकारदरबारी धावल्या. राज्य सरकारने राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाकडे, म्हणजे डॉ. अनिल काकोडकरांच्या तज्ज्ञांकडे, हा विषय सोपवला. तो अहवाल केंद्रीय मंडळापुढे गेला, आणि जून २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने पीओपी मूर्ती घडवायला मुभा दिली. नैसर्गिक जलस्रोतांत विसर्जन मात्र न्यायालयाच्या परवानगीशिवाय नाही. मूर्तिकारांनी 'परंपरा' एवढाच मुद्दा धरला असता तर कोर्टात फार टिकला नसता. त्यांनी प्रश्नाचे दोन तुकडे केले, घडवणं वेगळं आणि विसर्जन वेगळं, आणि पहिला तुकडा जिंकला. पर्यावरणाच्या बाजूने मला हा निकाल पूर्ण पटलेला नाही, पण डावपेच म्हणून अभ्यासावा असा आहे.

तुमच्या विषयावर समिती नेमली गेली तर दोन गोष्टी तातडीने पाहा: कार्यकक्षा काय लिहिली आहे आणि सदस्य कोण. कार्यकक्षेत प्रश्न ज्या शब्दांत मांडलाय त्याच शब्दांत उत्तर येतं. सदस्यांत तुमचा माणूस नसेल तर 'निमंत्रित' म्हणून तरी घ्या अशी लेखी विनंती करा.

कोणाला पाठवायचं

शिष्टमंडळात चार-पाच जण पुरे. वीस जण गेले की साहेब उभ्यानेच बोलतात. एकाला विषय तोंडपाठ, एकाचं रोजचं जगणं त्या निर्णयाने बिघडलेलं, एक लिहून घेणारा. अध्यक्षांना न्यावंच लागतं. त्यांना प्रस्तावना द्या आणि मुद्दा दुसऱ्याकडे ठेवा.

मंत्र्यांच्या दालनात खासगी सचिव आणि ओएसडी (विशेष कार्य अधिकारी) यांना हलकं समजू नका. कोणता कागद आज दिसेल आणि कोणता पुढल्या मंगळवारी, हे तेच ठरवतात. मोठ्या कंपन्या त्यासाठी निवृत्त अधिकारी सल्लागार म्हणून घेतात, कारण त्यांच्या हाताखालचा कालचा उपसचिव आज सचिव असतो. तुमच्याकडे असा माणूस नसला तरी संघटनेच्या सभासदांत मंत्रालयातून निवृत्त झालेला एखादा कक्ष अधिकारी सापडतोच. त्याला चहाला बोलवा. त्याच्याकडून टिप्पणीची भाषा शिका.

मंत्रालयाच्या मधल्या चौकावर जाळी ताणलेली आहे. २०१८ मध्ये धुळ्याचे शेतकरी धर्मा पाटील यांनी जमिनीच्या मोबदल्यासाठी मंत्रालयात विष घेतलं, त्यानंतर ती बसवली. पुढे आंदोलक तिच्यावर उड्या मारू लागले. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनीच काही आमदारांसह आदिवासींच्या मागण्यांसाठी त्या जाळीवर उडी घेतली. सभागृह चालवणाऱ्या माणसाला बाहेर जाळीवर उतरावं लागतं, यावरून दाराच्या आतल्या रांगेची कल्पना यावी.

विधिमंडळाचा उपयोग

आमदाराकडे नुसतं 'पाठिंबा द्या' म्हणून जाऊ नका, त्याला तयार मजकूर द्या. तारांकित प्रश्नाला मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावं लागतं आणि उपप्रश्न येतात. अतारांकिताला लेखी उत्तर मिळतं, आणि आकडे काढून घ्यायला तेच बरं. लक्षवेधी सूचना तातडीच्या विषयाला. प्रश्न अधिवेशनाच्या कितीतरी आधी द्यावे लागतात, त्यामुळे मजकूर अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी घेऊन गेलात तर आमदार मान डोलावेल आणि कागद खिशात ठेवेल. उत्तरात मंत्री 'तपासून निर्णय घेऊ' म्हणाले तरी ते कामकाजात नोंदलं जातं आणि पुढे सभागृहातल्या आश्वासनांचा पाठपुरावा करणाऱ्या आश्वासन समितीकडे मागे लागता येतं. मला विचाराल तर अशा एका नोंदलेल्या वाक्याचं वजन दहा शेऱ्यांपेक्षा जास्त.

विरोधी बाकांवरचा आमदारही गाठा. सत्ताधारी आमदार बैठक लावून देतो, विरोधी आमदार प्रश्न विचारतो. दोघांची कामं वेगळी.

पैसा कुठे सुरू होतो

प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्ये ११ खासदार संसदेतून काढले गेले. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये बदल झाल्यापासून लाच देणाराही थेट गुन्हेगार आहे. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत कळवलं तरच बचाव. कलम ७अ त्याहून नेमकं आहे: लोकसेवकाकडून काम करून घेण्यासाठी भ्रष्ट मार्गाने किंवा स्वतःच्या वैयक्तिक वजनाने प्रयत्न करतो म्हणून जो पैसे घेतो, तो त्यात सापडतो. 'साहेब आपल्या शब्दाबाहेर नाहीत, पाच पेटी ठेवा, काम झाल्याशिवाय हात लावणार नाही' म्हणणारे मध्यस्थ यातच बसतात. शिवाय असा करार कोर्टात उभाच राहत नाही. १८७२च्या करार कायद्याच्या कलम २३ खाली उदाहरणच दिलंय: सरकारी नोकरी मिळवून देतो म्हणून हजार रुपयांचा करार केला, तर तो रद्दबातल. पैसे बुडाले तर दाद मागायला जागा नाही.

मसुदा लिहून देणाऱ्या वकिलाची फी, सल्लागाराचा मासिक मोबदला, सर्वेक्षणाचा खर्च, हे सगळं वैध. ते ताळेबंदात दाखवा. 'इतर खर्च' या डोक्याखाली काहीही जाता कामा नये. कोणी थेट मागितलंच तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४.

राजकीय देणग्या ही मोठ्यांची वाट. निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ला घटनाबाह्य ठरवले आणि मार्चमध्ये खरेदीदारांची यादी बाहेर आली. ती यादी निवडणूक आयोगाकडे आहे. तुमच्या विषयातली कंपनी तिच्यात आहे का हे पाहायला अर्धा तास लागतो. देणगी दिली म्हणजे त्या बदल्यात निर्णय घेतला असं त्यातून सिद्ध होत नाही. तारखा मात्र शेजारी शेजारी ठेवून बघाव्यात.

समोरच्याचं लॉबिंग शोधून काढणं

एखादा जीआर अचानक निघाला आणि त्यातली एक अट कोणाच्या तरी मापाने शिवलेली वाटली, तर माहितीचा अधिकार वापरा. 'निर्णय का घेतला' असं विचारू नका, 'प्रश्नार्थक माहिती देता येत नाही' असं उत्तर येईल. कागद मागा: या नस्तीतील टिप्पणी भागाच्या प्रती, या विषयावर अमुक तारखेपासून आलेली सर्व निवेदनं, बैठकांची इतिवृत्तं, उपस्थितांच्या नावांसह, वित्त व विधी विभागाचे अभिप्राय. महाराष्ट्रात अर्जाला एक विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, फी दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मंत्रिमंडळाचे कागद म्हणून अडवलं तर कलम ८(१)(झ) चं परंतुक दाखवा: निर्णय घेऊन विषय पूर्ण झाल्यावर निर्णय, कारणं आणि आधारभूत कागद जाहीर करायचे असतात. कलम ४(१)(ग) तर महत्त्वाची धोरणं आखताना संबंधित माहिती आपणहून प्रसिद्ध करा असंच सांगतं.

हाती आलेल्या निवेदनांतला मजकूर आणि जीआरचा मजकूर शेजारी ठेवा. वाक्यं जुळली, अगदी स्वल्पविरामासकट जुळली, की पेन कोणाचं होतं ते कळतं. आपलं तक्त्यातलं वाक्य जीआरमध्ये जसंच्या तसं आलेलं बघून आम्हीही पेढे वाटले होते, त्यामुळे याबद्दल फार सोवळेपणा नको. फक्त ते उघड असावं.

बैठक झाल्यावर आणि जीआर निघाल्यावर

बैठकीत साहेब 'हो' म्हणाले याला किंमत नाही, इतिवृत्तात काय आलं याला आहे. बैठक संपल्यावर त्याच दिवशी झालेल्या मुद्द्यांचं एक पानी पत्र विभागाला द्या, पोच घ्या. इतिवृत्त लिहिणाऱ्याला आयता मजकूर मिळतो आणि बहुतेकदा तोच उचलला जातो. आठवड्याने कार्यासनावर चौकशी करा, पण रोज जाऊन बसू नका. कंटाळलेला अधिकारी त्रुटी काढतो.

जीआर निघाला की हार-तुरे नंतर. आधी मूळ तक्त्याशी ताडून वाचा. 'राहील' च्या जागी 'राहू शकेल' आलंय का, लागू होण्याची तारीख कोणती, 'स्वतंत्र आदेश निर्गमित करण्यात येतील' असं वाक्य कुठे शिरलंय का. ते वाक्य असेल तर अर्धी लढाई बाकी आहे. शेवटी 'प्रत' म्हणून कार्यालयांची यादी असते. ज्या वॉर्ड ऑफिसने किंवा ज्या चौकीने अंमल करायचा ते तिच्यात नसेल तर तुम्हीच प्रत नेऊन द्या आणि शिक्का घ्या.

आणि त्यानंतरचे दोन-तीन महिने शुद्धिपत्रकांवर नजर ठेवा. मूळ जीआरवर बातमी होते, शुद्धिपत्रकावर होत नाही, आणि हरलेल्या पक्षाचा लायझनवाला तोवर त्याच टेबलापाशी नवा तक्ता घेऊन बसलेला असतो.